नवी कोरी गाडी लोक वर्षभरातच का विकतात?

बहुतेक वेळा दोष गाडीत नसून हिशेबात असतो. मुंबईत गाडी घेताना हप्त्याचा विचार होतो, पण ती रात्री उभी कुठे राहणार याचा होत नाही. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत पार्किंग बहुधा नसतेच, आणि रस्त्यावर लावलेली गाडी एकदा टोइंगवाल्यांनी उचलून नेली की हौस फिटते. आमच्या शेजाऱ्यांची गाडी आठ महिन्यांत जेमतेम ३,००० किलोमीटर चालली होती आणि सीटवरचे प्लास्टिकही निघाले नव्हते, कारण ते कामाला लोकलनेच जात. बदली, परदेशी नोकरी, थकलेले हप्ते ही कारणेही असतातच.

यात विकणाऱ्याचा तोटा मोठा होतो, कारण एकरकमी भरलेला रस्ता कर पूर्ण वसूल होत नाही आणि विम्याच्या कोष्टकात सहा महिने ते वर्षभराच्या गाडीची किंमत १५ टक्क्यांनी घटलेली धरतात. त्याहूनही फार स्वस्तात कोणी देत असेल, तर अपघाताची शंका घेऊन बॉनेटचे बोल्ट खोललेले दिसतात का आणि विम्याचा दावा झाला आहे का, हे तपासावे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, कर्जाचा बोजा असल्यास बँकेचा ना हरकत दाखला मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.