देवाला ठाऊक होतं, तर माझं चुकलं काय?

प्रश्न : बाई, तुमचं सदर मी दर महिन्याला आईला वाचून दाखवते. आज स्वतःसाठी लिहितेय. गेल्या ऑक्टोबरात माझा धाकटा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. २६ वर्षांचा होता. तासगाव भागात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, ती तोच बघायचा. त्या रात्री तो माझ्याकडे जेवायला आला होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी दोनदा म्हणाले, "राहा रे, पहाटे जा." तो म्हणाला, "छाटणी होऊन पंधरा दिवस झालेत, या पावसात दावण्या रोग पडला तर घड हाती लागायचे नाहीत. उजाडायच्या आत औषध मारायचंय." मी डबा भरून दिला आणि तो गेला.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, सटवाईनं लिहिलेलं टळत नाही. त्याच्या पाचवीला आईनंच पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, ती आता तेच आठवून रडते. आमचे गुरुजी म्हणाले, पंचांगात लिहिलं म्हणून ग्रहण लागत नाही, लागणार असतं म्हणून लिहितात. देवाचं जाणणंही तसंच. पण चंद्राला थांबता येत नाही. माझ्या भावाला थांबता येत होतं आणि मला थांबवता येत होतं. गीतेत देव म्हणतो, मी यांना आधीच मारलंय, तू निमित्तमात्र हो. मग मी कशाची निमित्त झाले? देवाला सगळं ठाऊक होतं, तर मला अपराधी का वाटतं? आणि २६ वर्षांसाठी त्यानं त्याला पाठवलं तरी कशाला?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद फाडला, कारण लिहिलेलं सगळं शाळेत शिकवल्यासारखं होत होतं. उशीर झाला, माफ करा.

ग्रहणाच्या दाखल्याला तुम्ही घेतलेली हरकत मला पूर्ण पटते. पंचांगकर्ता गणिताने जाणतो. सूर्य-चंद्राच्या गती ठरलेल्या असतात, म्हणून तो कित्येक वर्षं आधी सांगू शकतो. देवाचं जाणणं असंच गणिताचं असेल तर आपण सगळे त्या गणितातले आकडेच ठरतो. पण गीता असं म्हणत नाही. सातव्या अध्यायात भगवान म्हणतात, 'वेदाहं समतीतानि वर्तमानानि चार्जुन, भविष्याणि च भूतानि'. होऊन गेलेले, आत्ता असलेले आणि पुढे होणारे सगळे जीव मी जाणतो. तिन्हींसाठी क्रियापद एकच आहे, 'वेद', म्हणजे जाणतो. मागचं आठवतो, समोरचं बघतो आणि पुढचं अंदाजाने सांगतो, असे तीन प्रकार त्यात नाहीत.

आता तुमच्याच घरातली गोष्ट घ्या. तो त्या रात्री निघाला, हे आज तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. त्यात आता तसूभर बदल होणार नाही. पण तुमच्या या ठाऊक असण्यानं त्याला घराबाहेर ढकललं का? तो निघाला तो बागेच्या काळजीनं, स्वतःच्या मनानं. तुमचं ठाऊक असणं त्याच्या निघण्यातून आलं. देवाला जे पुढचं दिसतं ते तुम्हाला मागचं दिसतं तसं दिसत असेल, तर त्या दिसण्यानंही कुणाचा हात धरला जात नाही. ख्रिस्ती परंपरेतल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने देहदंडाची वाट पाहत तुरुंगात असताना, इ.स. ५२४ च्या सुमारास, जवळजवळ हाच विचार मांडला होता : देवापुढे सगळा काळ एकदमच उभा असतो. ज्यांच्यापुढे प्रश्न जिवाचा होता ती माणसं इथे येऊन पोचली, याचा मला आधार वाटतो.

तुरुंगावरून टिळक आठवतात. १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या कोठडीत त्यांनी शिसपेनीने गीतारहस्य लिहिलं, ते १९१५ साली छापून आलं. त्यातलं दहावं प्रकरण कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ, आणि आत्मस्वातंत्र्य यांवर आहे. सहा वर्षांची सजा भोगणारा माणूस पानंच्या पानं लिहितोय की कर्माच्या कायद्याने बांधलेल्या माणसालाही आतून वळण घेण्याची मोकळीक आहे. मला ते प्रकरण अवघड गेलं, तीनदा वाचावं लागलं.

आता 'निमित्तमात्र'. हा श्लोक अकराव्या अध्यायातला आहे आणि पुढचं सोडून तो एकटाच कानावर पडतो. ज्यांनी हे शब्द उच्चारले तेच अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतात, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु'. याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. निकाल ज्याला दिसतो आहे, तोच समोरच्याला म्हणतोय, ठरव तू. अर्जुनाला कळसूत्री बाहुली करायचं असतं तर अठरा अध्याय कशाला बोलावे लागले असते?

तुमच्या अपराधीपणाबद्दल मात्र मला गीतेपेक्षा महाभारताच्या उद्योगपर्वातला एक प्रसंग जवळचा वाटतो. कृष्ण शिष्टाईला हस्तिनापुरात आला तेव्हा दुर्योधनाचं जेवण नाकारून विदुराकडे जेवला. रात्री विदुर म्हणाला, तुमचं इथे येणं काही बरं झालं नाही, हा ऐकायचा नाही. कृष्णालाही ते ठाऊक होतं. त्याने दिलेलं उत्तर असं : धर्माचं काम शक्तीनुसार करू पाहणाऱ्याला ते साधलं नाही तरी त्याचं पुण्य मिळतं, याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या दिवशी तो सभेत गेला आणि जीव तोडून बोलला.

तिथेच तो आणखी एक म्हणतो, आणि ते वाचून तुम्हाला टोचेल, म्हणून मीच आधी सांगते. मित्राला वाईट कृत्यापासून परतवण्यासाठी जो प्रसंगी केस धरूनही ओढतो, त्याला कुणी दोष देऊ नये. तुम्ही म्हणाल, मी कुठे केस धरून ओढलं? पण त्यातले दोन शब्द नीट बघा. 'अकार्यात्', म्हणजे जे करू नये त्यापासून. तुमचा भाऊ असं काही करायला निघाला नव्हता, स्वतःची बाग वाचवायला निघाला होता. आणि 'यथाबलम्', आपल्या बळाप्रमाणे. त्या रात्री तुमच्याजवळ होतं ते एवढंच : भुरभुर पाऊस, रोजचा रस्ता, रोज गाडी चालवणारा भाऊ. तेवढ्यावर दोनदा 'राहा' म्हणणं आणि मग डबा भरून देणं, यात मला काही कमी दिसत नाही.

ताई, त्या रात्री तुमच्याकडे बहिणीचे डोळे होते. आज तुम्ही तिच्याकडे शेवट ठाऊक असलेल्याच्या डोळ्यांनी बघताय, आणि त्या डोळ्यांनी स्वयंपाकघरात डबा भरणाऱ्या बाईचा न्याय करताय. त्या बाईला तो शेवट दिसत नव्हता. तिच्यावर हा अन्याय आहे.

मग देवानं का थांबवलं नाही? ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, याला उत्तर आहे : देव पक्षपात करत नाही, ज्याला त्याला आपापल्या कर्माप्रमाणे मिळतं. त्यावर भाष्य करताना शंकराचार्य पावसाचा दाखला देतात : पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, साळ आणि जव वेगवेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. तुमच्या भागात हे शिकवायला नको. परतीचा तोच पाऊस शाळूला वर काढतो आणि छाटलेल्या द्राक्षाला झोपवतो. तत्त्व म्हणून मी हे मानते. पण त्याच्या बीजातच तसं होतं, हे वाक्य सुतकाच्या घरात कुणी उच्चारू नये. ते कर्म ज्याचं त्यानं स्वतःबद्दल विचारात घ्यायचं असतं. दुसऱ्याच्या मरणाला ते लावणं मला क्रूर वाटतं, सांगणारा कितीही मोठा असो.

२६ वर्षं कशाला, याचं उत्तर मी पोथीतून देणार नाही. माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, या उठणार नाहीत. चौदा महिने त्या अंथरुणावर होत्या. जाऊबाई आणि मी गजर लावून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायचो, पाठ पुसून पावडर लावायचो, ढोपरांच्या मध्ये उशी द्यायचो. रात्री दोनचा फेरा माझा. वाचा गेली होती. पण खिडकीकडे तोंड केलं की त्या डाव्या हाताच्या बोटानं माझा अंगठा दाबायच्या, भिंतीकडे केलं की नाही. शेवट काय, ते आम्हा तिघींना ठाऊक होतं. तरी त्या दाबण्यासाठी मी थंडीत गोधडीतून उठायचे, आणि ते उठणं वाया गेलं असं मला एकदाही वाटलं नाही. माणूस जन्माला कशाला येतो, असं कुणी विचारलं की मला अजून तो अंगठा आठवतो. तुमच्या भावानं २६ वर्षांत दीड एकर बाग उभी ठेवली, बहिणीकडे जेवायला येत राहिला. ते किती वर्षं पुरलं यावर त्याची किंमत ठरत नाही.

आईंना माझं एक सांगा. पाचवीला पाटावर ठेवतात तो कागद कोराच असतो, आणि कोराच उचलतात. मीही माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी ठेवला होता.

बागेचं काय केलंत, ते पत्रात नाही. एप्रिलची खरड छाटणी कुणी केली? ऑक्टोबर जवळ येतोय. वडील आहेत का, मजूर मिळतात का, की बाग कसायला दिलीत? जमल्यास कळवा. आणि त्या रात्री डब्यात काय दिलं होतंत, तेही लिहा.