हॅवरसॅक घेताना आधी आतली पिशवी बघ

अमेरिकी यादवी युद्धातल्या (१८६१–६५) उत्तरेकडच्या शिपायाची हॅवरसॅक, म्हणजे खांद्याला अडकवायची शिध्याची पिशवी, त्या काळचे प्रसंग साकारायला घेतोयस ना? मग बाहेरचा काळा रंग नंतर बघ, आधी झडप उघड. आत तीन बटणांवर अडकवलेली साध्या सुती कापडाची पिशवी हवीच. बहुधा तीन दिवसांचा शिधा एकत्र भरायचा: हार्डटॅक (कडक, कोरडी बिस्किटं), खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, साखर. चरबी झिरपून सगळं ओशट व्हायचं. ही आतली पिशवी तेवढी काढून धुता यायची. किती विचार केलाय बघ!

पट्टा उजव्या खांद्यावरून, पिशवी डाव्या कुशीला. पट्टा फार लांब ठेवू नकोस. माझी पहिली पिशवी दिवसभर मांडीवर आपटत होती, संध्याकाळपर्यंत कातडं सोललं. आणि कॉफी वेगळ्या पुरचुंडीत बांध, नाहीतर बिस्किटांतून पूड झटकत बसशील.