मोठं शीड उतरवायचं कसं आणि झाकायचं कशानं?

धुळ्यात वडिलांच्या ताडपत्रीच्या दुकानात मी शिवण शिकलो आणि पुढे तीस वर्षं मुंबईत शिडं शिवली. खान्देशाला समुद्र नाही, पण खान्देशातली माणसं समुद्रावर आहेत, धरणाच्या पाण्यावरही आहेत. या वेळच्या सगळ्या पत्रांचा विषय एकच आहे, मोठं शीड म्हणजे मेनसेल.

भुसावळ : मुलाने मुंबईत दोन मित्रांबरोबर २८ फुटी शिडाची होडी घेतली आहे. मी रेल्वेतून निवृत्त झालो, अधूनमधून त्याच्याबरोबर जातो. परतताना शीड उतरवलं की सगळं कापड डेकवर पसरतं. मुलगा टपावर चढून ते गोळा करतो आणि मी सुकाणू धरून जीव मुठीत घेऊन बसतो. डोलकाठीच्या आत गुंडाळलं जाणारं शीड बसवावं का?

नको, भाऊ. त्यासाठी बहुतेक वेळा डोलकाठीच बदलावी लागते आणि शीडही नवं शिवावं लागतं. आत गुंडाळायच्या शिडात आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅटन, चालत नाहीत. म्हणून त्याची मागची कड आत वळवून कापतात आणि तेवढं कापड कमी होतं. शिवाय डोलकाठीत वर वजन वाढतं, ते लहान होडीला लगेच जाणवतं.

तुमच्या होडीला लेझी जॅक आणि स्टॅक पॅक पुरे. डोलकाठीवरून बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना येणाऱ्या बारीक दोऱ्यांची जाळी म्हणजे लेझी जॅक. स्टॅक पॅक ही बूमवर कायम बसवलेली लांब झोळी. हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, सोडला की शीड दोऱ्यांच्या मधून झोळीत पडतं, वरून चेन ओढली की झाकलंही जातं. मुलाला टपावर उभं राहून कापडाशी झोंबावं लागत नाही, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

पण आधी एक बिनखर्चाचं काम करा. शीड ज्या खाचेतून वर-खाली सरकतं ती खाच गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस लावू नका, त्यात धूळ आणि मीठ बसतं. अर्ध्यावर अडकणारं शीड कितीही चांगल्या झोळीत आपणहून पडणार नाही.

उतरवताना तुमचं कामही महत्त्वाचं आहे. इंजिन हळू ठेवून होडीचं नाक सरळ वाऱ्यात धरा. बूमचं टोक टॉपिंग लिफ्टने, म्हणजे डोलकाठीच्या शेंड्यावरून येणाऱ्या दोराने, आधी पेलून घ्या, नाहीतर हॅलयार्ड सुटताच बूम कॉकपिटवर, म्हणजे तुम्ही बसता त्या खोलगट जागेवर, येते. मग शीट, म्हणजे बूम ओढून धरायचा दोर, आवळून बूम मधोमध बांधा. एवढं झाल्यावरच मुलाला हाक द्या.

धुळे : ट्रक आणि ट्रॉलीच्या ताडपत्र्या शिवतो. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाला बूमवरचं कव्हर हवं आहे. ट्रकचं पीव्हीसी कापड चालेल का? मशीन तीच वापरू का?

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मशीन तीच चालेल, कापड मात्र बदला.

ट्रॉलीतला कापूस दोन-चार दिवसांत जिनिंगला पोहोचतो, म्हणून तिथे पाणी अडवलं की काम झालं. शीड महिनोन्महिने एकाच जागी पडून असतं. त्यात मीठ असतं आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं. वर पीव्हीसी घातलं की आत वाफ कोंडते आणि बुरशीचे काळे डाग पडतात. एकेकाळी शिडंच सुती असायची, ती अशीच कुजायची. १९५० च्या दशकापासून पॉलिएस्टरची, म्हणजे डेक्रॉनची शिडं आली. ती कुजत नाहीत, पण ऊन त्यांना खातं. मे महिन्यात छपरावर टाकलेल्या प्लास्टिकच्या ताडपत्रीचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. ती बोटाने फाटते. शिडाचा धागाही तसाच आतून मरतो, फक्त सावकाश. कव्हर हवं ते या उन्हासाठी, पाऊस त्यानंतर.

म्हणून धाग्यातच रंग मुरवलेलं अ‍ॅक्रिलिक कापड घ्या, चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅमचं. ते ऊन अडवतं, पाणी बरंचसं झटकतं आणि श्वास घेतं. कडा गरम सुरीने कापा म्हणजे दशा निघणार नाहीत. दोरा सुती नको, नायलॉनही नको, उन्हात नायलॉन लवकर जातं. उन्हासाठी प्रक्रिया केलेला जाड पॉलिएस्टर दोरा, १८ नंबरची सुई आणि लांब टाका ठेवा. कापडाआधी दोरा संपतो, हे गिऱ्हाइकाला आजच सांगून ठेवा. काही वर्षांनी तेच कापड पुन्हा शिवून द्यायचं काम तुमच्याकडेच येईल. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, दोरा उन्हाला दाद देत नाही, पण महाग आहे आणि मशीनवर ताण जुळवायला त्रास देतो.

चेन मोठ्या दातांची, प्लास्टिकची घ्या आणि तिच्यावर कापडाची पट्टी सोडा. खाली जाळीचे तुकडे किंवा आयलेट ठेवा, पाणी साचायला नको. माप मोकळ्या बूमवर घेऊ नका. शीड उतरवून घडी पडल्यावर डोलकाठीजवळ, मध्ये आणि टोकाला अशा तीन ठिकाणी टेप फिरवा. डोलकाठीजवळचा ढीग सगळ्यात उंच असतो. माझं पहिलं कव्हर तिथेच चार बोटं तोकडं पडलं होतं आणि अख्खं उसवावं लागलं.

सगळं कव्हर बूमवरून सुटं होईल असं शिवा. मुंबईत जूनआधी होड्या बाहेर काढतात, तेव्हा शीड आणि कव्हर दोन्ही धुऊन, वाळवून घरात ठेवायचं असतं. उंदरांपासून दूर.

जळगाव : आमच्या होडीवर स्टॅक पॅक आहे. शीड चढवताना बॅटनची टोकं दर वेळी लेझी जॅकमध्ये अडकतात.

चढवण्याआधी लेझी जॅक सैल करा, पुढे ओढा आणि डोलकाठीजवळ हुकाला अडकवा, म्हणजे वाट मोकळी होते. कायमचा उपाय हवा असेल तर दोऱ्यांची वरची टोकं डोलकाठीवरून काढून स्प्रेडरच्या, म्हणजे डोलकाठीला बसवलेल्या आडव्या दांड्यांच्या, खाली, थोडी बाहेरच्या बाजूला बांधा. दोन्ही बाजूंमधलं अंतर वाढतं आणि अडकणं बरंच कमी होतं. होडीचं नाक वाऱ्यातून थोडं जरी वळलं तरी हात थांबवा. अडकलेल्या बॅटनवर विंचने, म्हणजे दोर ओढायच्या चरकाने, जोर लावला तर बॅटनचा खिसा फाटतो, आणि असे खिसे मी शेकड्यांनी शिवलेत. शीड वर गेलं की दोऱ्या सैलच राहू द्या, ताणलेल्या दोऱ्या शिडाला घासतात.

नवापूर : उकाईच्या फुगवट्यावर आम्ही कॉलेजची मुलं एका माणसाची लेझर, म्हणजे एकाच शिडाची छोटी होडी, चालवतो. तिला कोणतं कव्हर घ्यावं?

कोणतंही नको. तुमचं शीड बाहीसारखं डोलकाठीवर चढतं. काम झालं की काढा, गोड्या पाण्याने धुवा, गुंडाळा, पिशवीत घाला आणि सावलीत ठेवा. घडी मात्र घालू नका. वाचलेले पैसे लाइफ जॅकेटवर खर्च करा.

चाळीसगाव : जहाजावर नोकरीला आहे. ३६ फुटी जुनी होडी घ्यायचा विचार आहे, तिचं शीड डोलकाठीत गुंडाळलं जातं. काय तपासू?

मोठ्या होडीवर दोनच माणसं असली तर ही सोय खरोखर उपयोगाची आहे. वारा वाढेल तसं कॉकपिटमधूनच शीड हवं तितकं कमी करता येतं. धोका एकच आणि तो मोठा आहे. शीड अर्ध्यावर अडकलं तर ना आत जातं ना बाहेर येतं, आणि पूर्ण उलगडल्याशिवाय खालीही उतरवता येत नाही. वाढत्या वाऱ्यात असं उघडं अडकलेलं शीड मी पाहिलंय.

अडकतं ते बहुधा शीड जुनं होऊन पोट सुटलं असेल तर, किंवा बूमचा कोन चुकला असेल तर. म्हणून तुम्ही स्वतः ते पूर्ण बाहेर काढा आणि पुन्हा आत घ्या, तीन-चार वेळा. घेताना बाहेर ओढणारा दोर एकदम सोडू नका, थोडा ताण राहू द्या. गुंडाळी सुरकुत्यांशिवाय, सारखी बसतेय का पाहा. मग मागच्या कडेची, विशेषतः खालच्या कोपऱ्याची, शिवण नखाने खरवडा. तेवढाच भाग बाहेर उन्हात राहतो. दोरा पावडर होऊन निघाला तर नव्या शिडाची किंमत सौद्यातून वजा करा. मालक म्हणाला, आज वारा नाही, उघडून काय दाखवू, तर वारा असेल त्या दिवशी पुन्हा जा.