सिनेमा संपल्यावर घरी का जात नाहीत?

चि. रेवा,

अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज सकाळी ऑफिसला जाताना ऐकला आणि संध्याकाळी परत ऐकला. मागे रिक्षांचे हॉर्न इतके होते की पुण्यात गेल्यासारखंच वाटलं. तुझं म्हणणं थोडक्यात असं. आज्जी आणि आत्याबरोबर लॉ कॉलेज रोडला, जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म आर्काइव्हच्या थिएटरात, 'अस्तु' बघितलास. दिवे लागले तरी घरी जायला कोणी तयार नाही. आधी आवारात, मग गेटबाहेर गाड्यांपाशी, मग नळ स्टॉपजवळ अमृततुल्यवर चहा घेत चर्चा चालूच. त्यात आज्जी आणि आत्या सिनेमातल्या मुलीवरून चक्क भांडल्या, आणि घरी येऊन दोघींनी खिचडी गप्प बसून खाल्ली. तुझा प्रश्न: "बाबा, मराठी लोक सिनेमा संपल्यावर घरी का जात नाहीत? आणि त्या दोघी खरं म्हणजे कोणाबद्दल भांडत होत्या?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुला साधारण कळलेलं आहे, नाहीतर तो तू विचारलाच नसतास. तरी लिहितो.

आधी एक दुरुस्ती. सगळी मराठी माणसं असं करत नाहीत. तुझी नागपूरकर आई सिनेमा संपला की सरळ पार्किंगकडे चालायला लागते, गाडीत बसल्यावर एका वाक्यात निकाल देते, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. हा आजार मुख्यतः पुण्याचा, आणि तो सिनेमापेक्षा जुना आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून दर उन्हाळ्यात भरते. व्याख्यान ऐकायचं आणि नंतर 'माझा एक छोटासा प्रश्न आहे' म्हणून स्वतःच दहा मिनिटं बोलायचं, ही आमच्याकडची जुनी सवय. सिनेमा आला तो या लोकांच्या तावडीत सापडला.

'प्रभात' कंपनी १९२९ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ला पुण्यात आली. तू ज्या रस्त्यावर उभी होतीस त्याच रस्त्यावर तिचा स्टुडिओ होता. १९६०मध्ये त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४मध्ये आर्काइव्ह. पुढे दोन्ही संस्थांनी मिळून सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी चित्रपट रसास्वादाचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे सतीश बहादूर आणि आर्काइव्ह उभं करणारे पी. के. नायर ही त्यातली मोठी नावं. आमच्या सोसायटीतले एक काका रजा टाकून तो कोर्स करून आले आणि त्यानंतर त्यांनी 'छान होता' असं म्हणणं कायमचं सोडलं. परवा चहाच्या टपरीवर कॅमेऱ्याबद्दल बोलणारे जे गृहस्थ तुला 'बोअर' वाटले, ते बहुधा तेच. त्यांना माझा नमस्कार सांग आणि विषय बदल.

पण एवढ्याने माणसं रात्री चहा प्यायला थांबत नाहीत. खरं कारण वेगळं आहे, आणि ते मला आपल्या घरातच कळलं.

१९८२ला 'उंबरठा' आला. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. मला नेलं नव्हतं. स्मिता पाटीलने केलेली सुलभा नवरा, लहान मुलगी, भरलं घर सोडून लांबच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तिथे जे काही व्हायचं ते होतं आणि ती परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. मग ती पुन्हा निघते. आज्जी-आजोबा सिनेमा बघून आले आणि स्वयंपाकघरात बोलत बसले. मी पांघरुणात जागा होतो. आजोबांचा मुद्दा एकच: "पोरीचं काय?" आज्जी म्हणत होती, "तिचा बाप होता ना घरात? सासू होती, जाऊ होती. पोर काय रस्त्यावर टाकली होती?" आजोबा म्हणाले, आई ती आई. त्यावर आज्जीने भांडी इतक्या जोरात लावली की शेजारच्यांचाही दिवा लागला.

हा वाद नंतर कित्येक वर्षं चालला. दिवाळीत चकल्या तळताना, कोणाच्या लग्नाहून येताना, कुठूनही सुलभा निघायची. मला वाटायचं, एका सिनेमावरून माणसं किती भांडतात! कॉलेजात गेल्यावर आत्याने मला सांगितलं की त्याच सुमाराला आज्जीला बँकेत ऑफिसरचं प्रमोशन आलं होतं. प्रमोशन म्हणजे बदली, आणि बदली सोलापूरला. तिने ते नाकारलं होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आजोबा फक्त म्हणाले होते, "मुलं लहान आहेत."

आता बघ. 'मला जायचं होतं' हे वाक्य त्या घरात कधीच कोणी उच्चारलं नाही. 'सुलभाला जायचं होतं' हे मात्र शंभरदा उच्चारलं गेलं. आजोबांनीही 'मला एकट्याला घर झेपलं नसतं' असं कधी म्हटलं नाही, सुलभाच्या पोरीची काळजी मात्र भरपूर केली. लेकी बोले सुने लागे ही आपली जुनीच रीत. मनातलं थेट बोलायचं तर एकतर रडू येतं नाहीतर भांडण होतं, आणि दोन्ही झालं तरी सकाळी त्याच स्वयंपाकघरात चहा करायचा असतो. सिनेमातलं माणूस मध्ये उभं केलं की बोलायची सोय होते. त्याला काहीही म्हणा, ते उद्या जेवायला येणार नसतं.

आजोबांचं मत बदललं का, हे तू नक्की विचारशील. मला ठामपणे सांगता येणार नाही. मी सातवीत असताना आज्जीला पुन्हा प्रमोशन आलं, या वेळी सातारा. तेव्हा आजोबा म्हणाले, "तुला काय वाटतं ते बघ." आज्जी गेली. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायची, सोमवारी पहाटे जायची. आजोबा कुकर लावायला शिकले, आणि वरण मात्र शेवटपर्यंत पातळच करायचे. हे सिनेमामुळे झालं, की मी मोठा झालो होतो म्हणून, की घराचं कर्ज काढलं होतं म्हणून? बहुधा तिन्हीमुळे. सिनेमा बघून माणूस एका रात्रीत बदलतो यावर माझा विश्वास नाही. तसं होत असतं तर 'संत तुकाराम' बघून अख्खा महाराष्ट्र निर्लोभी झाला असता. पण एखादा प्रश्न घरात येऊन बसतो, जाता जात नाही, आणि पुढे कधी वेळ आली की तो आधीच चर्चा होऊन मऊ झालेला असतो, एवढं मी पाहिलं आहे.

ही सोय आमच्या पिढीने शोधलेली नाही. म्हाताऱ्याशी लावलेलं कोवळ्या मुलीचं लग्न हा विषय देवलांनी 'शारदा' नाटकात १८९९ साली आणला, तेव्हा अशी लग्नं लोकांच्या घरात, शेजारात होत होती. समोरच्या वाड्यातल्या काकांना कोण बोलणार? पण नाटकातल्या म्हाताऱ्याला हसता येत होतं. १९३७ला प्रभातने 'कुंकू' काढला तोवर पुष्कळ काही बदललं होतं. शांता आपट्यांची नीरा रडत बसत नाही, ती त्या म्हाताऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. व्ही. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलं नाही, नुसते घरातले, रस्त्यावरचे आवाज. त्यामुळे काय होतं, तर कुठे रडायचं आणि कुठे चिडायचं हे व्हायोलिन सांगत नाही. आपलं आपल्याला ठरवावं लागतं. आणि त्या म्हाताऱ्याच्या मुलीचं, समाजकार्य करणाऱ्या बाईंचं काम कोणी केलंय? शकुंतला परांजपे यांनी. त्यांनी प्रत्यक्षात कुटुंबनियोजनाचं काम केलं, तेही जेव्हा त्या विषयाचं नाव काढायलाही लोक लाजत. पुढे त्या राज्यसभेवरही गेल्या. कुठे मिळाला तर आज्जीला घेऊन बघ. जुना म्हणून नाक मुरडू नकोस.

आता परवाचं. 'अस्तु'मधले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, आणि त्यांना विस्मरण जडलेलं. मुलगी त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी जाते, तेवढ्यात रस्त्याने हत्ती जातो आणि हे उतरून लहान मुलासारखे त्याच्या मागे चालू लागतात. हे काम करणारे मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. सिनेमा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. सुमित्राबाई सामाजिक संशोधनातून सिनेमात आल्या. संशोधन कागदावरच राहिलं तर ज्या बायकांबद्दल ते आहे त्यांना ते वाचताच येणार नाही, म्हणून त्यांनी १९८५ला 'बाई' हा पहिला लघुपट केला. तेव्हा बघून झाल्यावर लोकांनी बोलावं हा त्यांच्या सिनेमाचा हेतूच आहे. उलट परवा सगळे मुकाट्याने घरी गेले असते तर ते विचित्र दिसलं असतं.

तू सांगितलंस की आज्जी म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला गाडीत एकटं सोडतात का?" आणि आत्या म्हणाली, "चोवीस तास करणाऱ्या माणसाला विचारा. लांब राहून बोलणं सोपं असतं." अगं, सिनेमातली इरा आत्याची कोणी लागत नाही. गेली काही वर्षं आज्जीचे गुडघे, डोळ्यांचे थेंब, लाइटचं बिल, पासबुक भरणं, सगळं आत्या बघते. आज्जीला कसली भीती आहे ते तिच्या वाक्यात आहे, आणि आत्या कशाने दमली आहे ते तिच्या. लांब राहणारा कोण, हेही तुला सांगायला नको. तू नुसतं जे ऐकलंस ते मला पाठवलंस, आणि त्यातला माझ्या नावाचा निरोप बरोबर माझ्यापर्यंत आला. खिचडी गप्प बसून खाल्ली कारण बोलायचं ते चहाच्या टपरीवर बोलून झालं होतं. यात काळजीचं काही नाही.

या सगळ्याची एक बाजू मात्र मला आवडत नाही, तीही सांगून टाकतो. बोलणं ही पळून जायचीही वाट असते, आणि आम्ही पुणेकर त्यात तरबेज. २०१४ला 'फँड्री' लागला तेव्हा मी पुण्यातच होतो. जब्या कैकाडी घरातला मुलगा. गावासाठी डुकरं पकडायचं काम त्याच्या घराकडे आलेलं. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं तशी सगळी जागच्या जागी उभी राहतात आणि हाताशी आलेलं डुक्कर पळून जातं. गाव हसतं. शेवटी जब्या दगड उचलतो आणि नेम धरून थेट पडद्याबाहेर, आपल्यावर फेकतो. दिवे लागले तेव्हा थिएटरात कोणी बोललं नाही. मग जिने उतरता उतरता आवाज फुटले: शेवटची फ्रेम काय घेतलीय, आवाजाचा वापर काय केलाय, पोराने काम काय केलंय. सगळं खरंच होतं. पण दगड आपल्याला मारला होता आणि आपण नेमबाजीचं कौतुक करत उभे होतो. जिन्यात कोणीही आपल्या सोसायटीचं, आपल्या ऑफिसचं, घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या वेगळ्या कपाचं नाव काढलं नाही. सुलभाच्या वेळी आडून का होईना, घरातलं दुखणं बाहेर आलं होतं. इथे आडोसाच पुरला, त्यामागचं काही निघालं नाही. त्यामुळे चर्चा रंगली म्हणजे सिनेमा पोचला, असं समजू नकोस.

राहिलं तुझं शेवटचं गाऱ्हाणं, की तुला कोणी काही विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी तुला काही सुचत नव्हतं. न सुचणं चांगलं. सगळ्यांनी तिथल्या तिथे मत दिलंच पाहिजे असा नियम नाही, जरी पुण्यात तसा भास होतो. आजोबांचे एक मित्र होते, ते कोणत्याही सिनेमावर अवाक्षर बोलायचे नाहीत. 'सामना' बघूनही नाही. त्यातला 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. पण पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी हिशोब टाळायला लागलं की तेच मागच्या खुर्चीवरून विचारायचे, "आणि मारुती कांबळेचं काय झालं?" आणि खजिनदार वही उघडायचे.

पुढच्या वेळी आज्जीबरोबर गेलीस तर 'आवडला का' असं विचारू नकोस, ती 'बरा होता' म्हणेल आणि विषय संपेल. सिनेमातलं एक माणूस धर आणि म्हण, "मला तिचं वागणं पटलं नाही." मग बस ऐकत. सुलभाचा विषय काढायचा असेल तर आत्या घरात नसताना काढ, नाहीतर दोघी मिळून आजोबांवर घसरतील आणि त्यांची बाजू मांडायला आता कोणी नाही.

आत्याला यातलं काही सांगू नकोस. शनिवारी मी तिला फोन करतोय, आज्जीच्या नंबरवर नाही, तिच्या. पावसाळ्यात एक महिना मला तिथूनच काम करता येईल का, हे ऑफिसात विचारलं आहे. अजून हो-नाही कळलेलं नाही, त्यामुळे आज्जीपाशीही बोलू नकोस, ती लगेच लोणच्याच्या कैऱ्या आणायला निघेल.

तुझा,
बाबा