मुलुंडचं घर विकून कर्जतला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणारं जोडपं. सर ६९ वर्षांचे, महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. काकू ६६ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखरे. पेन्शन ४६,००० रुपये, ठेवी ३२ लाख, मुलगा कॅनडात. घराला १ कोटी ६० लाख येतायत. ते विकून कर्जतजवळच्या ज्येष्ठांच्या संकुलात ७८ लाखांचं वन बीएचके घ्यावं का?

सर, जिने चढवत नाहीत म्हणून घर सोडायचं, हे कारण अगदी रास्त आहे. चार महिन्यांत काकू फक्त डॉक्टरकडे जायला खाली उतरल्या, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचल्यावर तर मी म्हणेन, उशीर करूच नका. माझा आक्षेप आहे तो घर विकत घेण्याला. त्यातून तुम्ही बघितलेली इमारत दुसऱ्या टप्प्यातली, ताबा दोन वर्षांनी. म्हणजे पैसे आज द्यायचे आणि काकूंनी आणखी दोन वर्षं तेच जिने उतरायचे.

७८ लाखांवर मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर ४ लाख ६८ हजार, नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, ३ लाख ९० हजार. संकुलाची बिनव्याजी अनामत ५ लाख. मुलुंडच्या विक्रीवरची दलाली, सामान हलवणं, नवे पंखे-गिझर धरले की ९५ लाखांच्या आसपास जाता. विक्रीवरचा कर मात्र आवाक्यात राहील. घर १९९४ चं आहे, त्यामुळे खरेदी किमतीच्या जागी धरायला १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या. मग साडेबारा टक्के कर इंडेक्सेशनशिवाय आणि वीस टक्के इंडेक्सेशनसह (म्हणजे ती किंमत महागाईनुसार वाढवून), असे दोन्ही आकडे सीएला मांडायला सांगा. नव्या घरात गुंतवलेली रक्कम नफ्यातून वजा होते, बाकीच्या नफ्यातले ५० लाखांपर्यंत पाच वर्षांच्या करबचत रोख्यांत ठेवता येतात.

खरा खर्च त्यापुढे आहे. दोघांचं मासिक शुल्क ३४,००० रुपये, आणि माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरात ‘कर अतिरिक्त’. १८ टक्के धरा, ४०,१२० झाले. दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढलं, तर दहा वर्षांत ते जवळपास दुप्पट होतं. तुमची पेन्शन महागाई भत्त्यासोबत वाढेल, पण एवढी वाढेलच असं मी धरणार नाही.

आता थोडं कठीण लिहितोय. तुमच्यामागे काकूंना जे कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल ते साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे तुमच्या पेन्शनच्या जवळपास साठ टक्के. आजच्या आकड्यांत सत्तावीस-अठ्ठावीस हजार. एका माणसाचं शुल्क मात्र निम्मं होत नाही. तुमच्या पत्रकात ते २४,००० आहे, करासह २८,३२०. काकूंची सगळी पेन्शन तिथेच संपली. औषधं, फोन, रिक्षा, भाचीच्या लग्नाचा आहेर, सगळं ठेवींतून. हा हिशेब काकूंच्या नव्वदीपर्यंत मांडायचा असतो, आणि तो दोघांनी मिळून मांडायचा असतो.

माझी आत्या अशाच एका संकुलात होती. खुब्याचं हाड मोडल्यानंतरचं तिचं पहिलं बिल माझ्याकडे अजून आहे. नेहमीचे २२,०००, त्याखाली ‘मदतनीस, दिवस-रात्र’ २७,०००, मग फिजिओ, डायपर, खोलीत जेवण पोचवण्याचे वेगळे. आत्याने प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती आणि एकूण रकमेभोवती गोल काढला होता. घर घेताना तिला वाटलं होतं की ‘काळजी’ शुल्कातच आहे. शुल्कात होती ती चालत्याफिरत्या माणसाची काळजी. आजारी माणसाचा दर आजच लेखी मागा.

पुढे ते घर विकायचं म्हटलं, तर गिऱ्हाईक कोण? पंचावन्नच्या आतल्याला तिथे राहायची परवानगी नाही. मुलगा वारस म्हणून मालक होईल, पण राहू शकणार नाही, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत रिकाम्या घराचं शुल्क टोरांटोहून भरत बसेल. सहकारी सोसायटीत हस्तांतर शुल्कावर २५,००० ची मर्यादा असते; तिथे सोसायटी नाही, कंपनी आहे. करारात विक्री किमतीच्या किती टक्के लिहिलेत ते बघा.

म्हणून मी असं करेन. त्याच संकुलाच्या पहिल्या टप्प्यात भाड्याने घरं मिळतात, जेवणासह दोघांचे सगळे करून ५८,०००, असं तुम्हीच लिहिलंय. मुलुंडचं घर लिव्ह अँड लायसन्सने द्या, करार रजिस्टर करून. ३८,००० भाड्यातून सोसायटी आणि मालमत्ता कर जाऊन ३३,००० उरतील. पेन्शन मिळून ७९,०००. ५८,००० भरून महिन्याला २१,००० हातात. ठेवींतले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असतील, तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात. ते शक्यतो साठवा, आत्याच्या बिलासारख्या दिवसांसाठी.

शिवाय तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. ती रखडतीलही, त्यावर भिस्त ठेवू नका. पण झालाच, तर लिफ्टची इमारत मुलुंडातच उभी राहील, ओळखीचे डॉक्टर, ओळखीचा भाजीवाला. आज विकलं तर तो दरवाजा कायमचा बंद.

दोन वर्षं राहून मन रमलं, तर जरूर विकत घ्या, तयार इमारतीत. जीएसटी तेवढा वाचेल. महारेराने, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी रुंद दरवाजे, आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी, धोक्याची घंटा अशा अटी घातल्यात. त्या करारनाम्यात उतरल्यात का, ते तपासा.

आणि भाडेकरार करण्याआधी पंधरा दिवस पाहुणे म्हणून राहा, तेही जुलैत. कर्जतचा पाऊस बघा, वीज गेल्यावर लिफ्ट चालते का बघा, गाड्या बंद पडल्या की डॉक्टर येतो का बघा. एका रात्री दोन वाजता काकूंना बेल दाबायला सांगा आणि किती मिनिटांत कोण येतं, ते घड्याळ लावून लिहून ठेवा.