मंडळीचे ‘दर्शन’ नेमके कोणाचे असते?

तुम्ही विचारले आहे की तुमच्या स्थानिक इव्हँजेलिकल मंडळीसाठी, म्हणजे सुवार्तेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चसाठी, ‘आम्ही कोण’, ‘आमचे दर्शन’ (म्हणजे पुढे काय साधायचे ते ध्येय, इंग्रजीत ‘व्हिजन’) आणि ‘आमचे नेतृत्व’ अशी तीन पाने लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, तर ती कशी लिहावीत आणि दर्शनाचे वाक्य किती लांब असावे. लांबीचे उत्तर सोपे आहे: शब्बाथ शाळेतील मुलाला एका दमात वाचता येईल एवढे. खरी अडचण त्या वाक्याच्या कर्त्याची आहे, म्हणजे ते दर्शन कोणाचे म्हणून लिहायचे ही. मी नऊ वर्षे एका मंडळीच्या कार्यकारी समितीची चिटणीस होते आणि माझे व माझ्या थोरल्या भावाचे संबंध इतिवृत्तातील एका शब्दावरून जे बिघडले ते अजून पुरते सुधारलेले नाहीत, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

आमचे पाळक (पास्टर) एका नेतृत्व-शिबिराहून परतले आणि पुढच्याच समिती सभेत त्यांनी पाच वर्षांचे दर्शन मांडले: उपस्थिती दुप्पट करायची, नवे सभागृह बांधायचे आणि सर्व सभासदांना बारा ‘दर्शन गटां’त विभागायचे. ते उत्तम बोलत असत. त्या संध्याकाळी आम्हा सर्वांची मने भरून आली होती, माझेही आले होते, आणि ठराव एकमताने झाला, म्हणजे माझ्याही मताने झाला. घरी येऊन मी इतिवृत्त लिहिले: ‘पाळकांनी मांडलेले पाच वर्षांचे दर्शन समितीने एकमताने स्वीकारले.’

पुढच्या महिन्यात इतिवृत्त वाचून कायम करण्याची वेळ आली तेव्हा पाळक अतिशय सौम्यपणे म्हणाले, “ताई, ‘पाळकांनी मांडलेले’ हे काढून टाका. हे माझे नाही, मी केवळ निरोप्या आहे. ‘देवाने मंडळीला दिलेले’ असे लिहा.” मी म्हटले की इतिवृत्तात सभेत जे घडले तेच लिहायचे असते, आणि सभेत बोलले ते आपण. त्यावर समितीत मंडळीचे ‘वडील’ (एल्डर) म्हणून बसलेले आमचे दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, म्हणाले की दर्शन पुढाऱ्यालाच मिळते, बाकीच्यांनी मागून चालायचे असते, आणि इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने काही समिती बोलावून विचारले नव्हते. मग त्यांनी बायबलमधील नीतिसूत्रे २९:१८ म्हणून दाखवले, ‘दर्शन नसेल तर लोक नाश पावतात’, जे असल्या सभांत नेहमीच म्हटले जाते. दुरुस्ती मंजूर झाली. माझ्या शब्दांवर एक आडवी रेघ आली, वर ‘देवाने मंडळीला दिलेले’ असे लिहिले गेले आणि समासात दादांनी आपली आद्याक्षरे घातली.

एका शब्दासाठी एवढे काय, असे तेव्हा घरातही सर्वजण म्हणाले. त्या शब्दाने काय केले ते पुढे दिसले. दर्शन गटांची बैठक गुरुवारी ठरली, कारण गुरुवार मोकळा आहे असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात गुरुवार हा आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या सभासदांच्या घरी जाण्याचा वार होता. ते काम कोणत्याही फलकावर नसल्यामुळे तो वार मोकळा दिसला. त्याच पावसाळ्यात आमच्या शब्बाथ शाळेत तीस वर्षे शिकवलेल्या एक वृद्ध बाई पडल्या, त्यांचे खुब्याचे हाड मोडले आणि त्या दोन महिने अंथरुणावर होत्या. त्या दोन महिन्यांत त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन कोणीही गेले नाही. त्या बाराव्या गटात होत्या आणि बाराव्या गटाच्या हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असे आठ वेळा लिहिलेले मी स्वतः पाहिले. मी तरी गेले होते का? एकदा गेले, तेही सातव्या आठवड्यात.

तीन वर्षांनी सभागृहाचा पाया आणि खांब उभे होते, पैसे संपले होते आणि उपस्थिती पूर्वीपेक्षा थोडी कमीच होती. खजिनदारांनी बांधकाम थांबवण्याचा ठराव मांडला. तेव्हा दादांनीच विचारले, आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे विचारले, की देवाने दिलेले दर्शन आपण ठरावाने रद्द कसे करणार? पाळकांनी मांडलेली योजना असती तर पाच मिनिटांत बदलता आली असती. पण आता बदल सुचवणारा अविश्वासू ठरत होता आणि अपयशाचे कारण लोकांच्या विश्वासाची उणीव एवढेच उरले होते. अखेर ‘रद्द’ ऐवजी ‘स्थगित’ असा शब्द घालून आम्ही सुटका करून घेतली. वर्षभरात पाळक दुसऱ्या मंडळीत गेले, तिथे त्यांना नवे दर्शन मिळाले असे ऐकले, आणि खांब आमच्याकडे राहिले.

आता त्या वचनाविषयी, कारण तुमच्याही समितीत कोणीतरी ते म्हणेलच. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरामुळे ‘दर्शन नसेल तर लोक नाश पावतात’ अशा अर्थाने ते जगभर पसरले आणि पुढे उद्दिष्टे ठरवण्याच्या बैठकांचे ब्रीदवाक्य झाले. मूळ हिब्रू शब्द ‘हाझोन’ असा आहे. यशया संदेष्ट्याचे पुस्तक ज्या शब्दाने सुरू होते तोच हा शब्द. त्याचा अर्थ देवाने संदेष्ट्याला दिलेले प्रकटीकरण असा आहे, पाच वर्षांची योजना असा नव्हे. ‘नाश पावतात’ या जागी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ बेलगाम होणे असा आहे आणि लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजले त्या प्रसंगी, निर्गम ३२:२५ मध्ये, तेच क्रियापद आले आहे. शिवाय वचनाचा उत्तरार्ध कोणी म्हणतच नाही. त्यात नियमशास्त्र पाळणाऱ्याला धन्य म्हटले आहे. म्हणजे लोकांजवळ देवाचे वचन नसेल तर ते मोकाट सुटतात, एवढाच त्याचा रोख आहे. उलट यिर्मया २३:१६ मध्ये हाच ‘हाझोन’ शब्द, परमेश्वराच्या मुखातून न आलेले, स्वतःच्या मनातले दर्शन सांगणाऱ्या संदेष्ट्यांसाठी वापरला आहे. ते वचन दर्शनाच्या फलकावर लिहिलेले मी अजून पाहिलेले नाही.

आणि मोशेने विचारले नव्हते हेही खरे नाही. निर्गम १८ मध्ये त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की एकट्याने हा भार वाहशील तर तूही झिजशील आणि हे लोकही. मोशे ते ऐकतो. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तर मोशे लोकांनाच सांगतो की तुमच्या वंशांतून शहाणी व अनुभवी माणसे निवडून द्या. दादांना मी हे तेव्हाच सांगायला हवे होते, पण मला ते दोन वर्षांनी सुचले.

म्हणून माझा सल्ला असा की दर्शनाच्या पानावर ‘देवाने आम्हाला सांगितले’ असे लिहू नका. ‘पवित्र शास्त्र आणि प्रार्थना यांच्या आधारे मंडळीच्या सभेने अमुक तारखेला ठरवले आणि अमुक तारखेला ते पुन्हा तपासले जाईल’ असे लिहा. यात विश्वास कमी आहे असे कोणी म्हटले तर प्रेषितांची कृत्ये १६ दाखवा: प्रेषित पौल आशिया प्रांतात वचन सांगायला निघाला होता, तिथे अडवला गेला, बिथुनियाकडे वळला, तिथेही अडवला गेला, आणि मग मासेदोनियाला गेला. प्रत्यक्ष पौलाच्या योजना बदलत होत्या.

‘आम्ही कोण’ या पानाविषयी मला कमी सांगायचे आहे, कारण तिथे नवीन काही लिहायचेच नसते. इव्हँजेलिकल हा शब्द ‘युआंगेलिऑन’ म्हणजे सुवार्ता या ग्रीक शब्दापासून आला. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये या परंपरेची जी चार लक्षणे नोंदवली, म्हणजे पवित्र शास्त्राला सर्वोच्च स्थान, वधस्तंभ केंद्रस्थानी, व्यक्तीचा पालट आणि विश्वासाचे कृतीत उतरणे, ती अजूनही उपयोगी आहेत. ही चार वाक्ये लिहा आणि मग मंडळीचा गेल्या वर्षाचा कार्यक्रम समोर ठेवून प्रत्येक वाक्याखाली काय घडले ते पाहा. आमचे केले असते तर चौथ्या लक्षणाखाली फक्त खांब निघाले असते. विश्वासाचा जाहीरनामा नव्याने रचण्याचा मोह टाळा. निकीया येथील ख्रिस्ती परिषदेत ३२५ मध्ये सुरू झालेला विश्वासांगीकार आहे, आणि जगभरच्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांच्या परिषदेतला १९७४ चा लोझान करार आहे, जो इंग्लंडमधील पाळक जॉन स्टॉट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पंधरा कलमांत मांडला. त्यातील पाचवे कलम वाचाच. सुवार्ता आणि सामाजिक जबाबदारी या दोन गोष्टी परस्परविरोधी मानल्याबद्दल तिथे जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला आहे. आपल्या चुकीची कबुली ज्या लिखाणात आहे त्यावर माझा विश्वास अधिक बसतो.

नेतृत्वाच्या पानावर मात्र पाळकांचे छायाचित्र आणि शिक्षण देऊन थांबू नका. नव्या करारात मंडळीचे वडील बहुतेक ठिकाणी अनेकवचनी येतात. कृत्ये १४:२३ मध्ये प्रत्येक मंडळीत वडील नेमले गेले असे म्हटले आहे. कृत्ये २० मध्ये पौल इफिसच्या ज्या माणसांना बोलावतो ती वडील आहेत, त्यांनाच तो अध्यक्ष म्हणतो आणि कळप पाळण्याचे कामही त्यांनाच सांगतो, म्हणजे वडील, अध्यक्ष आणि पाळक हे तिन्ही शब्द एकाच माणसांसाठी आहेत. १ तीमथ्य ३ मधील यादी वाचली तर तिथे ‘शिकवण्यास निपुण’ एवढे एकच कौशल्य आहे. बाकी बहुतेक स्वभाव आहे: भांडखोर नसावा, द्रव्यलोभी नसावा, अतिथिप्रिय असावा, बाहेरच्या लोकांत त्याचे नाव चांगले असावे. दर्शन मिळणे ही अट त्या यादीत कुठेही नाही. उलट ३ योहान ९ मध्ये अग्रस्थानाची आवड असलेल्या दियत्रफेसचे नाव घेतले आहे, ते कौतुक म्हणून नव्हे.

ज्या गोष्टी लोक विचारायला कचरतात त्या त्या पानावर आधीच लिहून ठेवा: पाळकांना बोलावते कोण, आणि दूर करू शकते कोण, हिशेब किती जण पाहतात, सभासद कशावर मत देतात, पाळकांविरुद्ध तक्रार असेल तर ती कोणाकडे न्यायची. शेवटच्या प्रश्नाला १ तीमथ्य ५:१९-२० मध्ये उत्तर आहे. दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलांवरील आरोप दाखल करून घ्यायचा नाही, पण पाप करत राहणाऱ्यांची कानउघाडणी सर्वांसमोर करायची. पहिला भाग पाळक सांगतात, दुसरा चिटणिसाने सांगावा लागतो. पैशांबाबत २ करिंथ ८:२०-२१ पुरेसे आहे. पौलासारखा माणूसही वर्गणीची रक्कम एकट्याने नेत नाही. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे स्वतःसाठी जे नियम ठरवले त्यांत पैसा आणि लैंगिक शुचिता यांच्या बरोबरीने आणखी दोन गोष्टी होत्या: स्थानिक मंडळ्यांवर टीका करायची नाही आणि उपस्थितीचे आकडे फुगवायचे नाहीत. आमच्या अहवालातील आकडे फुगवलेले नव्हते, फक्त ते नेहमी नाताळच्या रविवारचे असत.

स्त्रियांच्या जागेबद्दल मंडळ्यांत मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे आणि तो वाद मी इथे उकरून काढत नाही. पण रोम १६ मध्ये फीबी नावाच्या स्त्रीला किंख्रिया येथील मंडळीची सेविका म्हटले आहे, आणि तिथला ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’ आहे, जो इतरत्र आपण ‘डीकन’ म्हणून पुरुषांना देतो. नऊ वर्षे इतिवृत्ताची वही माझ्याकडे होती, पण वडील होण्यासाठी माझे नाव कोणी सुचवले नाही, आणि सुचवले असते तर दादांनीच विरोध केला असता.

दोन गोष्टी उशिरा का होईना सांगितल्या पाहिजेत. आमचे ते पाळक अप्रामाणिक नव्हते. पै-पैचा हिशेब त्यांनी दिला आणि माझ्या आईच्या शेवटच्या आजारात ते रात्रभर तिच्याजवळ बसले होते. ते खोटे असते तर माझा वाद सोपा झाला असता. दुसरे असे की एका पाळकाच्या हाती बरीच सत्ता असलेल्या मंडळ्या मी चांगल्या चाललेल्या पाहिल्या आहेत आणि समितीने चालवलेली मंडळी दहा वर्षे एका पंख्याच्या जागेवरून भांडताना पाहिली आहे. तुमच्या मंडळीत बिशप असतील, वडीलमंडळ असेल किंवा सर्व सभासदांची सभा शेवटचा निर्णय घेत असेल, तरी माझा आग्रह एवढाच आहे की माणसाने मांडलेल्या गोष्टीखाली माणसाचे नाव असावे.

दादा आता समितीवर नाहीत. मागच्या नाताळला त्यांनी विचारले की ती जुनी वही अजून आहे का, आणि मी वही काढून ते पान त्यांच्यासमोर ठेवले. रेघ एकच होती, त्यामुळे खालचे शब्द सरळ वाचता येत होते. दादांनी चष्मा लावून ते वाचले, समासातील आपल्या आद्याक्षरांवर बोट ठेवले आणि विचारले, “त्या शब्बाथ शाळेच्या बाई आता कुठे असतात?”