सोसायटीचा खर्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डोंबिवलीत आमची ४० फ्लॅटची सोसायटी आहे, बिल्डिंग २८ वर्षं जुनी. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं की बाहेरून प्लास्टर आणि रंग करायचाय, प्रत्येकी ८५ हजार भरा, वन आरकेवाल्यांनी तेवढेच आणि टू बीएचकेवाल्यांनीही तेवढेच. कोटेशन एकच आलंय, ते बघायला मागितलं की "कमिटीवर विश्वास नाही का?" चिडून आम्ही आठ-दहा जणांनी मेंटेनन्स थांबवलाय. बरोबर केलं ना?

उत्तर : ताई, राग रास्त आहे पण मेंटेनन्स आधी भरून टाका. थकबाकीदार झालात की सभेत तोंड उघडायच्या आत "पहिले पैसे भरा" ऐकावं लागतं, वर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं ते वेगळंच.

८५ हजारांचं मात्र तसं नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटी कशी चालवायची याच्या नमुना नियमांप्रमाणे, २६ ते ५० सभासदांच्या सोसायटीत कमिटी स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर एकावेळी ५० हजारांपर्यंतच खर्च करू शकते, तुमचा आकडा होतो ३४ लाख, म्हणजे हे सर्वसाधारण सभेत यायलाच हवं, टेंडरसकट. ग्रुपवर तीस अंगठे आले म्हणजे ठराव झाला असं नसतं. आणि तुम्ही आठजण असाल तर चाळीसचा पाचवा हिस्सा भरला की! सह्या करून लेखी मागणी द्या, महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. आपल्या कॉपीवर पोच घ्यायची, विसरू नका.

सभेत रंगाच्या शेडवर भांडण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. कॉलममधल्या सळया गंजून फुगल्या असतील तर वरून प्लास्टर-रंग म्हणजे तापावर पावडर. मग कोटेशन नीट वाचा. "प्लास्टर दुरुस्ती, लमसम" एवढंच लिहिलं असेल तर तिथेच थांबवा. किती चौरस फूट, दर काय, परांचीचे पैसे आत की वेगळे, गंजलेल्या सळया घासून त्यावर काय मारणार, सगळं लिहून पाहिजे, कारण एकदा परांची चढली आणि हातोडीने ठोकत गेले की पोकळ आवाज अंदाजापेक्षा जास्त ठिकाणी येतो, कॉन्ट्रॅक्टर "एक्स्ट्रा" म्हणतो आणि काम अर्धवट सोडायची तुमची सोय उरत नाही.

सगळ्यांना सारखेच पैसे, हेही उपविधींत बसत नाही. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर ठरतो, वर्षाला किमान ०.७५ टक्का, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्का, जमिनीची किंमत सोडून. मोठ्या फ्लॅटला जास्त पडणार हे ओघाने आलंच. शिवाय २८ वर्षं हे दोन्ही फंड नीट गोळा झाले असतील तर बँकेत किती आहेत? ऑडिट झालेला ताळेबंद बघायचा तुम्हाला हक्क आहे, कमिटीच्या मर्जीचा प्रश्नच नाही.

तरी कमिटीची बाजू पण सांगतो. फुकटात राबणारी माणसं असतात, गॅलरीचा तुकडा कुणाच्या डोक्यात पडला तर पहिला फोन त्यांनाच, आणि एजीएमला (वार्षिक सर्वसाधारण सभेला) निम्मे सभासद सही करून वडा खाऊन पसार!

प्रश्न : आम्ही तळमजल्यावर राहतो, लिफ्ट वापरतच नाही, तरी लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे का द्यायचे? (ठाणे)

उत्तर : द्यावे लागतील. ज्या बिल्डिंगला लिफ्ट आहे तिथल्या सगळ्यांनी लिफ्टचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, वापरा नाहीतर नका वापरू, असं उपविधीच सांगतात. पाण्याचा हिशोब निराळा, तो नळांच्या संख्येवर.

प्रश्न : गच्ची गळते, आमच्या बेडरूमच्या छताचं प्लास्टर पडलं. कमिटी म्हणते टॉप फ्लोअरवाल्यांनी आपसात वर्गणी काढून करून घ्या. (नाशिक)

उत्तर : अजिबात काढू नका. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर गच्चीसकट ते प्लास्टरही सोसायटीच्या खर्चाने. तुमच्याच बाथरूममधून खालच्या घरात गळती असेल तर तो खर्च तुमचा. फोटो काढून लेखी अर्ज द्या. तरीही टाळाटाळ झाली तर दुरुस्तीचा वाद सहकार न्यायालयात जातो. कमिटीने कागदपत्रं न देणं, एजीएम न घेणं अशा तक्रारी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे न्यायच्या, लोक इथे हमखास उलटं करतात आणि वर्ष घालवतात.